मेनोनाइट निर्वासितांना श्रद्धेने तारलं की माणसांनी?

सांजवात (धागाकर्ती)
सोव्हिएत युक्रेन सोडून 1923 पासून कॅनडाला गेलेल्या मेनोनाइट कुटुंबांबद्दल सध्या वाचते आहे. सोळाव्या शतकातल्या मेनो सायमन्स या धर्मगुरूच्या परंपरेतले हे ख्रिस्ती लोक. हातात शस्त्र धरायचं नाही ही त्यांची शिकवण. 1789 पासून युक्रेनमधल्या नीपर नदीच्या आसपास त्यांची शेतीवाडी होती. क्रांतीनंतर लुटारूंच्या टोळ्या, टायफस, मग 1921-22 चा दुष्काळ. उसंतच मिळाली नाही.

निघायच्या आधी बायकांनी छोटे पाव भट्टीत पुन्हा भाजून कडक केले, पोती भरली. 1924 मध्ये तिथल्याच लिख्टेनाऊ गावच्या स्टेशनावर मालगाडीच्या डब्यांत बसले. लाटवियाच्या सीमेवरची लाल कमान मागे पडली की डब्याडब्यांतून आभाराचं स्तोत्र सुरू व्हायचं. पण पुढे डॉक्टर पापणी उलटून बघत. खुपऱ्या (डोळ्यांचा संसर्गजन्य रोग) दिसल्या की तो माणूस मागे. आई बोटीवर आणि पोर इंग्लंडमधल्या साउथहॅम्प्टनजवळच्या छावणीत, असंही झालं. त्या आईने पुढचे महिने कशाच्या बळावर काढले असतील? मला तरी श्रद्धेशिवाय दुसरं उत्तर दिसत नाही.

रोखठोक
ताई, वाचून गलबलून आलं, पण पटलं नाही. 1929 मध्ये असेच तेरा हजारांहून जास्त लोक मॉस्कोच्या आसपास देश सोडायच्या परवान्यासाठी येऊन थांबले होते. साधारण 5,700 जणांना जर्मनीला जाता आलं. उरलेल्यांना पोलिसांनी गाड्यांत कोंबून परत पाठवलं. प्रार्थना त्यांनीही तीच केली होती ना? जे सुटले ते कॅनडातल्या भाऊबंदांमुळे आणि कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने उधारीवर तिकिटं दिली म्हणून. माणसांचं श्रेय देवाच्या खात्यात टाकलं की मला त्रास होतो.

वैदर्भीय
रोखठोक, त्या उधारीचंच बघा. ती मिळाली कशावर? येणाऱ्यांकडे गहाण टाकायला काही नव्हतं. डेव्हिड टेव्स हे कॅनडातले धर्मगुरू तिथल्या मेनोनाइट मंडळाच्या वतीने हमीला उभे राहिले. मग महामंदी आली, प्रेअरीत, म्हणजे तिथल्या गवताळ मैदानी प्रदेशात, पिकं करपली, तरी वर्गणी सुरूच. ज्यांना जमलं नाही त्यांचा वाटा इतरांनी उचलला. कर्ज फिटलं 1946 मध्ये! बुडवता आलं असतं, कोण कुणाच्या मागे लागणार होतं? दिलेला शब्द देवासमोर दिलाय असं मानणारी माणसंच इतकी वर्षं असं फेडतात.

(आमच्याकडे हे नाव ऐकलेलं असतं ते छत्तीसगडमधल्या धमतरीच्या मेनोनाइट दवाखान्यामुळे. त्यांच्या मागे हा इतिहास आहे हे मला फार उशिरा कळलं.)

माजघर
तुम्ही दोघं पुरुषांच्या हिशेबाबद्दल बोलताय. मी सोव्हिएत देशात मागे राहिलेल्या, 1943 नंतरच्या बायकांबद्दल बोलते. 1937-38 मध्ये स्टालिनच्या पोलिसांनी त्यांचे नवरे रात्री उचलून नेले, पुन्हा पत्ता नाही. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याबरोबर सुमारे 35,000 लोक पश्चिमेला निघाले, त्यातले बहुतेक रशियाने परत ओढून नेले. वाचलेल्या कितीतरी बायका पोरांना घेऊन 1947 मध्ये पॅराग्वेच्या चाको भागात उतरल्या आणि नोयलांड वसाहत उभी केली. घरात कर्ता पुरुष नाही, रान तोडायचं.

प्रार्थनाघरं बंद होती त्या काळात मुलांना स्तोत्रं शिकवली ती आज्यांनी, घरात, हळू आवाजात. हे मान्यच. पण बेपत्ता नवऱ्याच्या बाईने पुन्हा लग्न करावं की नाही, यावर त्याच चर्चने वर्षानुवर्षं काथ्याकूट केला. ज्या श्रद्धेने तिला उभं ठेवलं, तिनेच तिला अडवूनही ठेवलं. एवढं लिहिल्याशिवाय हा धागा अर्धाच राहील.

रोखठोक
माजघर, अगदी हेच. आणि अहिंसेचं काय? 1918-19 मध्ये त्यांच्याच तरुणांनी स्वसंरक्षणासाठी बंदुका उचलल्या होत्या.

सांजवात
माजघर, तुमचा मुद्दा मान्य, मी त्याचा विचारच केला नव्हता. रोखठोक, हो, उचलल्या. 1918 मध्ये त्यावर मंडळींची मोठी सभा झाली, एकमत झालं नाही, शेवटी ज्याच्या त्याच्या सदसद्विवेकावर सोडलं. ही सभा भरली होती लिख्टेनाऊलाच. सहा वर्षांनी कॅनडाची गाडी सुटली ते हेच गाव. बंदूक उचललेल्यांच्या आणि न उचललेल्यांच्या घरची माणसं एकाच फलाटावर पोती घेऊन उभी होती, आणि सीमेपलीकडे स्तोत्र सगळ्यांनी म्हटलं. मी त्याला श्रद्धाच म्हणते.

रोखठोक
मी त्याला सोबत म्हणतो, ताई.