लेस्वॉस: गाडीच घ्या
मे महिन्यात पक्ष्यांचे फोटो काढायला एकट्यानेच ग्रीसच्या लेस्वॉस बेटावर जायचंय आणि गाडी घ्यावी की गाइड, असं तुम्ही विचारलंय. माझं मत गाडीच्या बाजूने. कालोनीच्या मिठागरांवर पक्षी चालत्या माणसाला बुजतात, थांबलेल्या गाडीला नाही. ग्रीसमध्ये स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून पक्षी डाव्या खिडकीसमोर येतील अशी गाडी लावायची, इंजिन बंद, खिडकीवर कॅमेरा टेकवायला बीन बॅग. रोहित (फ्लेमिंगो) आणि शेकाटे हे पक्षी मला असेच अगदी जवळून मिळाले. एकटं असण्याचा खरा फायदा इथेच कळतो. एका डबक्यापाशी दोन तास बसलं तरी कुणी घाई करत नाही.

अख्लादेरीच्या पाइनवनात क्रूपरची शिलिंध्री (नटहॅच) हा छोटा पक्षी नक्की शोधा. ग्रीसमध्ये ती फक्त याच बेटावर आहे. वाळक्या खोडात पोखरून घरटं करते. पण कृपया तिला जवळ बोलवायला रेकॉर्ड केलेला आवाज वाजवू नका आणि खोडापासून लांब थांबा. पिल्लांना भरवण्यात खंड पडला तर त्या फोटोला काय अर्थ?

आणि एक, मला सर्वांत जवळचं. आपल्याकडे हिवाळ्यात ज्वारीच्या शेतांवर थव्याने उतरणारा काळ्या डोक्याचा भारीट तिथे विणीला असतो. इथे नर बहुतेक फिकट दिसतात. तिथे कुंपणाच्या तारेवर, काळंभोर डोकं आणि पिवळीधमक छाती घेऊन तो गात होता. कॅमेरा उचलायचंही मला काही क्षण सुचलं नाही.