खऱ्या खुन्याला पडद्यावर एवढा देखणा दाखवायचा का? (शोभराज)

मेघना_ठाणे:
परवा भाची राहायला आलेली, १७ वर्षांची आहे, दोघींनी 'द सर्पंट' लावली. २०२१ची सिरीज, ताहर रहीम झालाय चार्ल्स शोभराज, फिरायला आलेल्या परदेशी पोरांना मारणारा खरा खुनी. मध्येच ती म्हणाली, "मावशी काय भारी दिसतो ना हा, गॉगल बघ ना त्याचा." माझ्या पोटात गोळाच आला. त्याने मारलेली पोरं विशीतली होती गं, हिच्याहून थोडीच मोठी. २०१५ला रणदीप हुडाचा शोभराजवरचा पिक्चर आला तेव्हाही लोक त्याच्या स्टाइलवरच बोलत होते. हे बरोबर आहे का? तिला काय सांगू ते मला सुचलंच नाही.

निखिल_सातारा:
ताई, पण छाप पाडणं हेच तर त्याचं हत्यार होतं. बँकॉकमध्ये रत्नांचा व्यापारी म्हणून मिरवायचा, फिरायला आलेल्या पोरांना घरी आणायचा, खाण्यापिण्यातून काहीतरी देऊन आजारी पाडायचा आणि मग स्वतःच त्यांची सेवा करायचा. असा माणूस भेसूर दाखवला तर बघणाऱ्याला वाटणार की ती पोरंच बावळट होती, आणि तो त्यांच्यावर अजून एक अन्याय.

पर्वरीकर:
निखिल, मान्य. पण पिक्चर संपल्यावर काय उरतं ते आमच्याकडे गोव्यात येऊन बघा. १९८६ला तिहारमध्ये वाढदिवसाच्या नावाखाली गार्डांना गुंगीची मिठाई चारून पळाला आणि पर्वरीच्या ओ कोकेरो हॉटेलात सापडला. मुंबई पोलिसांच्या मधुकर झेंडेंनी धरला, १९७१लाही त्यांनीच धरलेला. नंतर त्या हॉटेलात त्याचा पुतळा बसवला, टेबलाशी खुर्चीत बसलेला. मी स्वतः बघितलंय, नवीन लग्न झालेलं जोडपं त्याच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढत होतं. खुनी आहे तो! झेंडेंच्या नावाचा पिक्चर यायला मात्र २०२५ साल उजाडलं.

वैदेही_पुणे:
मला त्याच्या त्या 'बिकिनी किलर' नावाचाच राग येतो. ऐकायला कसं चटकदार वाटतं ना, पण ती बिकिनी एका मेलेल्या मुलीच्या अंगावरची आहे हो. टेरेसा नोल्टन, सिएटलची, १९७५ला पटायाजवळ समुद्रात सापडली. काठमांडूजवळच्या बौद्ध मठात शिकायला निघालेली. तिच्या मरणावरून त्याला टोपणनाव मिळालं आणि तिचं नाव कुणाला ठाऊक नाही.
निखिल म्हणतो तसा देखणा दाखवा, हरकत नाही, पण कॅमेरा त्या आजारी पोराच्या अंथरुणाशी ठेवा, त्याला कळत नाहीये की औषध देणारा हातच विष देतोय, तिथून बघितलं की तो गॉगल भारी नाही वाटत. 'सर्पंट'मध्ये हे बऱ्यापैकी आहे खरं तर, आणि डच वकिलातीतला क्निपेनबर्गपण आहे, हरवलेल्या जोडप्यासाठी घरच्यांचं पत्र आलं म्हणून पेटून उठलेला. पण पोस्टरवर कोण मोठा असतो?

निखिल_सातारा:
वैदेही, अंथरुणाचा मुद्दा पटला. आणि शोभराजने स्वतः १९९७ला भारतातून सुटून फ्रान्सला गेल्यावर मुलाखतींचे पैसे घेतलेत, म्हणजे या वलयाची किंमत त्याला पक्की ठाऊक होती, हे मी धरलंच नव्हतं.

मेघना_ठाणे:
सगळ्यांना थँक्यू. आत्ता जेवताना भाचीला टेरेसाचं सांगितलं, तो मठ, सगळं. तिने मोबाईल घेतला आणि तिचा फोटो शोधत बसली. उरलेले एपिसोड उद्या बघू म्हणाली.