पळणाऱ्यांच्या पोटऱ्या आणि नडग्या: ताण, मालिश आणि तुमचे अनुभव

मंडळी, आमच्या पहाटेच्या गटात सध्या कुणी ना कुणी गुडघ्याखाली हात लावून थांबलेलं दिसतं. "पाय दुखतोय" एवढंच सांगितलं की सल्लेही तेवढेच ढोबळ मिळतात: ताण दे, तेल लावून रगड, दोन दिवस थांब. कुणाला त्याने बरं वाटतं, कुणाचं दुखणं वाढतं. म्हणून हा धागा काढतेय. अनुभव जरूर लिहा, पण दुखणं नेमकं कुठे होतं (नडगीच्या आतल्या कडेला, बाहेरच्या बाजूला, पोटरीच्या फुगीर भागात की टाचेच्या वर), पळताना कधी सुरू व्हायचं आणि कधी थांबायचं, हे आधी सांगा. उपाय त्यानंतर. जागा कळल्याशिवाय उपाय सांगण्यात अर्थ नाही, असं माझं ठाम मत आहे.

सुरुवात मीच करते. माझं दुखणं नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर वीतभर पट्ट्यात होतं. पळायला लागलं की पहिली काही मिनिटं दुखायचं, अंग गरम झालं की विरायचं, घरी येऊन बसलं की पुन्हा ठणका. हे शिन स्प्लिंट. फिजिओने बोटांनी दाबत दाबत दाखवलं की दुखरी जागा एका ठिपक्याएवढी नाही, चांगली लांब आहे. त्या कडेला पोटरीचा खोलातला स्नायू, सोलियस, जोडलेला असतो. पोटरीत मोठे स्नायू दोन. वरचा फुगीर गॅस्ट्रोक्नेमियस गुडघ्याच्या वरून येतो, म्हणून तो गुडघा सरळ ठेवला की ताणला जातो. सोलियस गुडघ्याच्या खालीच सुरू होतो, त्याच्यापर्यंत ताण पोचवायचा तर गुडघा वाकवावा लागतो. भिंतीला हात टेकून, मागचा पाय ताठ ठेवून ताण सगळेच देतात. टाच जमिनीला चिकटवून तोच मागचा गुडघा वाकवायचा, हा दुसरा ताण बहुतेक जण देतच नाहीत. मला आराम पडला तो या दुसऱ्याने.

मालिश करताना हाडाला हात लावायचा नाही. हाडाच्या कडेपासून बोटभर मागे, पोटरीच्या मांसात, अंगठ्याने घोट्याकडून गुडघ्याकडे सावकाश जायचं. हाडाची कड आधीच चिडलेली असते, ती रगडून काही मोकळं होत नाही. मात्र ताण आणि मालिश यांनी दिवस सुसह्य झाले, इतकंच. दुखणं गेलं ते अंतर कमी करून, उतार टाळून आणि चवड्यांवर उभं राहण्याचा व्यायाम रोज केल्यावर. आता तुम्ही लिहा.

* * *

ताई, धागा काढलात ते फार बरं केलंत. माझं दुखणं नडगीच्या बाहेरच्या बाजूला, समोरच्या मांसात. उतारावरून पळालं की हमखास. पाऊल टाकताना पंजा जमिनीवर आपटू नये म्हणून तो वर धरून सावकाश खाली सोडण्याचं काम हा समोरचा स्नायू करतो, आणि उतारावर त्याला ते जास्त करावं लागतं. पोटरीचे ताण देऊन इथे काहीच होत नव्हतं. वज्रासनात बसून, हात मागे टेकून गुडघे किंचित उचलले की ताण बरोबर तिथे येतो. पावलं लांब टाकणं सोडून छोटी आणि भरभर टाकायला लागलो, तेव्हापासून त्रास नाही.

* * *

पन्नाशी ओलांडलेल्यांच्या वतीने लिहितो. टाचेच्या वर चार बोटांवर, मागची जाड शीर (अकिलिस, पोटरीचे स्नायू टाचेला जोडणारा दोरीसारखा कंडरा) सकाळी उठल्यावर इतकी आखडलेली असायची की जिना कठडा धरून उतरावा लागे. चालायला लागल्यावर सुटायची, पळालं तरी चालायचं, दुसऱ्या सकाळी मात्र पुन्हा तेच.

माझ्या डॉक्टरांनी सांगितलेली गोष्ट सगळ्यांनी ऐकावी अशी आहे. स्वीडनचे डॉक्टर हाकन अल्फ्रेडसन यांनी १९९८ साली अशा दुखण्यासाठी व्यायामाची एक पद्धत प्रसिद्ध केली. पायरीच्या कडेवर चवडे टेकवून उभं राहायचं, दोन्ही पायांनी वर जायचं आणि दुखऱ्या एका पायावर सावकाश खाली यायचं. पंधरा-पंधरांचे तीन संच गुडघा सरळ ठेवून, तीन वाकवून, दिवसातून दोनदा, बारा आठवडे. दुखत असताना व्यायाम करायचा हे मनाला पटायला वेळ लागतो. पण ही शीर विश्रांतीने शांत होते, बळकट होत नाही. बळ यायला तिच्यावर वजन पडावं लागतं. मला नियम असा घालून दिला होता: दहापैकी पाचापर्यंत दुखलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते ओसरलं पाहिजे. ओसरलं नाही तर पुढच्या वेळी भार कमी.

मालिश मी पोटरीलाच करायचो, शिरेला नाही. वरचं मांस सैल झालं की जिना उतरणं सोपं जायचं.

एक सूचना. दुखणं अगदी टाचेच्या हाडाशी, जिथे शीर चिकटते तिथे असेल, तर पायरीवरून टाच खाली लोंबवू नका. तशाने शीर हाडावर दाबली जाते आणि तीच जागा आणखी दुखते. तेव्हा हा व्यायाम सपाट जमिनीवर करायचा. आमच्या गटातल्या एका बाईंना हे उशिरा कळलं, तोवर त्या रोज निष्ठेने टाच ताणत होत्या.

* * *

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः पळते. वर लिहिलेल्या गोष्टी अगदी बरोबर. पळण्याआधी एका जागी उभं राहून लांबलचक ताण दिले की दुखापत टळते, या समजाला आधार फारसा नाही. २०११च्या कॉक्रेन आढाव्यातही (यात अनेक अभ्यास एकत्र तपासतात) आधी किंवा नंतर ताण देऊन दुसऱ्या दिवशीचं अंग दुखणं जाणवण्याइतकं कमी होत नाही, असंच दिसलं. तरीही मी ताण द्यायला सांगते, कारण आखडलेल्या घोट्याची हालचाल वाढते आणि माणसाला बरं वाटतं. बरं वाटणंही मोलाचं आहे. पळण्याआधी चालणं, हलक्या उड्या, घोटे फिरवणं. पळून झाल्यावर प्रत्येक ताण अर्धा मिनिट, दोन-तीनदा, हिसके न देता.

मालिश किंवा फोम रोलरचा (पायाखाली फिरवायच्या फोमच्या लोडाचा) दाब "दुखतंय पण श्वास अडकत नाही" इतकाच. काळंनिळं पडेपर्यंत रगडून स्नायू लवकर सुधारत नाही. आणि कृपया हे लक्षात ठेवा: एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर असेल, विशेषतः लांबच्या प्रवासानंतर, शस्त्रक्रियेनंतर किंवा बरेच दिवस अंथरुणावर काढल्यानंतर, तर मालिश करू नका, लगेच दवाखान्यात जा. आतल्या रक्तवाहिनीत रक्ताची गुठळी असू शकते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं.

* * *

मला ज्याबद्दल लिहायचंय ते ताण आणि मालिश यांनी बरं होण्यातलं नाही, म्हणूनच लिहिते आहे. नडगीवर एकाच ठिकाणी, एका बोटाखाली येईल एवढ्याच जागी दुखायचं. आधी पळताना, मग चालताना, मग रात्री झोपेतही. पळताना अंग गरम झाल्यावर कमी होण्याऐवजी वाढत जायचं. त्या पायावर उडी मारली की कळ मस्तकात. ओळखीतल्या एका मालिशवाल्या बाईंनी गाठ आहे म्हणून ती जागा जोर लावून दाबली, तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं.

एक्स-रेत काही दिसलं नाही. हे अनेकांच्या बाबतीत होतं, पहिले दोन-तीन आठवडे हाडातली बारीक भेग एक्स-रेत बरेचदा दिसतच नाही. एमआरआयमध्ये दिसली. हाडावर भार वाढला की शरीर आधी जुनं हाड काढतं आणि मग नवं घालतं. त्या मधल्या काळात हाड कच्चं असतं, आणि आपण तेव्हाच अंतर वाढवत असतो.

डॉक्टरांनी विचारलेला पहिला प्रश्न पायाबद्दलचा नव्हताच. त्यांनी विचारलं, पाळी नियमित येते का? येत नव्हती. पळणं वाढलं होतं आणि खाणं तेवढंच होतं. व्यायामाच्या मानाने अन्न कमी पडलं की पाळी बंद होते आणि हाडांची घडणही मंदावते. मुलींनो, पाळी थांबली तर "पळतेय म्हणून असेल" म्हणून सोडून देऊ नका. माझा उपाय विश्रांती, पोटभर खाणं आणि हळूहळू चालण्यापासून पुन्हा सुरुवात. मालिश शून्य.

* * *

एक प्रश्न. रात्री झोपेत पोटरीत गोळा येतो, विशेषतः लांब पळून आल्यावर. काय करता?

* * *

वरच्या ताई किंवा दादा, पलंगावर बसून गुडघा सरळ करा आणि पंजा हाताने स्वतःकडे ओढून धरा. गोळा सुटतो. मग हलक्या हाताने चोळा, कारण ती जागा दुसऱ्या दिवशीही दुखरी राहते. मी झोपण्याआधी भिंतीचा ताण द्यायला लागल्यापासून प्रमाण खूप कमी झालंय. औषधं चालू असतील आणि वारंवार होत असेल तर डॉक्टरांना सांगा, काही औषधांनीही होतं.

* * *

धागा वाचून धीर आला म्हणून लिहितो. माझं दुखणं दरवेळी पळायला लागल्यावर ठरावीक वेळाने यायचं. पोटरी दगडासारखी घट्ट, पंजा बधिर, पाऊल नीट उचलता येईना. थांबलं की थोड्या वेळात सगळं ठीक, जणू काही झालंच नाही. ताण, रोलर, मालिश सगळं मनापासून केलं, उपयोग नाही. शेवटी पळण्याआधी आणि नंतर स्नायूत सुई घालून दाब मोजला, तेव्हा कळलं की पळताना आतला दाब खूप वाढतो. स्नायूंभोवतीचं आवरण फारसं ताणलं जात नाही आणि व्यायामाने फुगलेल्या स्नायूला आत जागा उरत नाही. बधिरपणा येत असेल तर मालिशवर महिने घालवू नका, एवढंच सांगायचंय.

* * *

पोटरी फाटलेल्यांपैकी मी एक. चढावर वेग घेताना मागून कुणी लाथ मारली असं वाटलं, वळून पाहिलं तर कुणीच नव्हतं. पोटरीच्या आतल्या बाजूचा फुगीर स्नायू फाटला होता. पहिले काही दिवस मालिश नाही आणि ताणही नाही, हे डॉक्टरांनी बजावून सांगितलं, कारण आत रक्तस्राव चालू असतो. पट्टी, पाय उंचावर, बूट टाचेकडे थोडा उंच केलेला. निळसरपणा उतरायला लागल्यावर बायको रोज संध्याकाळी हलक्या हाताने घोट्याकडून वर चोळून द्यायची. नंतर चवड्यावर उभं राहणं, आधी दोन पायांवर, मग एका. दुखऱ्या पायावर एकट्याने दुसऱ्या पायाइतक्याच वेळा वर-खाली करता आलं, तेव्हाच पळायची परवानगी मिळाली. सध्या सपाटीवर मिनिटभर पळतो, मिनिटभर चालतो. चढ अजून घेतलेला नाही.