डंकर्कच्या सगळ्या मोठ्या तोफा पुढेच का?

कृष्णाकाठ (सांगली): मंडळी, शाळेच्या प्रदर्शनासाठी 'डंकर्क' या फ्रेंच युद्धनौकेची १:३५० मापाची प्रतिकृती करतोय. चार-चार तोफांचे दोन्ही बुरूज पुढेच, आणि चौघींच्या मधे फट जरा जास्त. नकाशा चुकलाय का?

मिरजकर: नकाशा बरोबर आहे. दोन्ही बुरूज पुढेच ठेवले की दारूकोठारांभोवतीचं चिलखत आखूड होतं, वजन वाचतं. चार तोफांचा बुरूज म्हणजे दोन जोड्या, मधे पोलादी भिंत. ३ जुलै १९४० ला अल्जीरियातल्या मेर्स-एल-केबीर बंदरात, ब्रिटिशांनी फ्रेंच ताफ्यावर हल्ला केला तेव्हा, एक ब्रिटिश गोळा डंकर्कच्या दुसऱ्या बुरुजाच्या छतावर बसला. उजवी बाजू खलास, डावी चालूच राहिली. भिंतीचा फायदा तिथंच दिसला. एकाच फटक्यात दोन्ही बुरूज जाऊ नयेत म्हणून त्यांच्यात २७ मीटर अंतर ठेवलंय. तुमच्या मापात ७७ मिमी. हे चुकवू नका, बहुतेक जण जवळ चिकटवतात.

तोफखाना: तोटाही लिहा की, मागे एकही मोठी तोफ नाही! जोडीतल्या तोफा इतक्या जवळ की एकदम डागल्यावर गोळे एकमेकांना ढकलतात, मारा विखुरतो. दुसरी फ्रेंच युद्धनौका 'रिशल्यू', तिचे तर पश्चिम आफ्रिकेतल्या डाकारला सप्टेंबर १९४० मधे गोळे नळीतच फुटले.

कृष्णाकाठ: आणि शेवट?

मिरजकर: डंकर्कची जुळी नौका 'स्ट्रासबूर' मेर्स-एल-केबीरहून निसटून दक्षिण फ्रान्समधल्या तुलाँ बंदराला पोचली. डंकर्क ६ जुलैला पुन्हा ब्रिटिश हल्ल्यात सापडली: शेजारी बुडालेल्या गस्ती नौकेवरचे डेप्थ चार्ज (पाणबुडीविरोधी बॉम्ब) टॉर्पेडोनं उडाले. २७ नोव्हेंबर १९४२ ला दोन्ही फ्रेंचांनीच निकामी केल्या, जर्मनांच्या हाती पडू नयेत म्हणून.