व्हिएतनामवरच्या दोन चौकशा : चलनाची कच्ची, लाकडाची पक्की

वटाव

परवा टॅरिफवरच्या चर्चेत हुंडी यांनी लिहिलं होतं, "२०२० साली अमेरिकेने व्हिएतनामवर दोन चौकशा लावल्या. एक डोंग (व्हिएतनामचं चलन) मुद्दाम स्वस्त ठेवल्याची, दुसरी चोरट्या लाकडाची. दोन्ही निव्वळ दादागिरी. दोन्हींतून काही निघालं नाही, कारण मुळात काही नव्हतंच." याला दोन ओळींत उत्तर देता येईना, म्हणून हा धागा.

दोन्ही चौकशा २ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाल्या, अमेरिकेच्या १९७४ च्या व्यापार कायद्याच्या कलम ३०१ खाली. परदेशाची व्यापारातली वागणूक अन्याय्य ठरली तर त्याच्या मालावर शुल्क लावायची मुभा देणारं हे कलम. लाइटहायझर तेव्हा अमेरिकेचे व्यापार प्रतिनिधी होते. दिवस एक, कलम एक, म्हणून सगळे त्यांना एकाच मापाने मोजतात. चलनाच्या चौकशीबद्दल माझंही मत बरं नाही. ट्रम्प यांची मुदत संपायला पाच दिवस असताना, १५ जानेवारी २०२१ ला, "व्हिएतनामची धोरणं अवाजवी आहेत" असा निष्कर्ष काढला आणि शुल्क काही लावलं नाही. जुलैत अमेरिकी अर्थखातं आणि स्टेट बँक ऑफ व्हिएतनाम यांचं संयुक्त निवेदन आलं, की स्पर्धेत फायदा मिळावा म्हणून डोंग पाडणार नाही, दरात लवचिकता आणू. २३ जुलैला प्रकरण बंद.

लाकडाचं तसं झालं नाही. १ ऑक्टोबर २०२१ ला करार झाला आणि त्यातल्या अटी वाचल्या की पाणी कुठे मुरत होतं ते दिसतं. जप्त केलेलं चोरटं लाकूड व्यापारात परत येऊ द्यायचं नाही. देशातल्या तोडीची वैधता तपासायची, माल कुठेही जाणार असो. धोक्याचं लाकूड ज्या देशांतून येतं, त्यांच्याबरोबर सीमेवरची तपासणी घट्ट करायची. काही नव्हतंच, तर हे सगळं व्हिएतनामने कबूल कशाला केलं?

हुंडी

कबूल कशाला केलं? गिऱ्हाईक गमावायची भीती होती म्हणून. कलम ३०१ मध्ये तक्रार अमेरिकेची, तपास अमेरिकेचा, निकाल अमेरिकेचा आणि शिक्षाही अमेरिकाच देणार. अशा दरबारात मिळालेली कबुली पुरावा म्हणून दाखवू नका.

आता चलन. तुम्ही ते दोन वाक्यांत उरकलंत, मी उरकणार नाही. चलनात फेरफार करणारा देश ओळखायच्या अर्थखात्याच्या तेव्हाच्या तीन कसोट्या अशा: अमेरिकेबरोबर वस्तुव्यापारात २० अब्ज डॉलरची शिल्लक, चालू खात्यात (परदेशांशी व्यापार, सेवा आणि उत्पन्नाचा एकूण हिशेब) जीडीपीच्या २ टक्के शिल्लक, आणि बारापैकी किमान सहा महिने डॉलरची एकतर्फी खरेदी, तीही जीडीपीच्या २ टक्क्यांवर. डिसेंबर २०२० च्या अहवालात व्हिएतनामचे आकडे ५८ अब्ज, ४.६ आणि ५.१ टक्के. तिन्ही कसोट्या भरल्या, मारला शिक्का.

पण ही शिल्लक वाढवली कोणी? चिनी फर्निचरवर सप्टेंबर २०१८ मध्ये १० टक्के आणि मे २०१९ मध्ये २५ टक्के शुल्क अमेरिकेनेच लावलं. कारखाने व्हिएतनाममध्ये बिन्ह डुओंगला हलले. अमेरिकेची व्हिएतनामशी तूट २०१८ मधल्या सुमारे ४० अब्जांवरून २०२० मध्ये सुमारे ७० अब्जांवर गेली. कारखान्यांबरोबर डॉलर आले. ते मध्यवर्ती बँकेने विकत घेतले नसते तर डोंग उसळला असता, आणि गंगाजळीही तोकडीच होती.

२०१९ साठी अर्थखात्याने डोंग ४.७ टक्के स्वस्त असल्याचा अंदाज दिला. समजा १०० डॉलरच्या वस्तूत ६० डॉलरचे सुटे भाग बाहेरून येतात. ते डॉलरमध्येच घ्यावे लागतात, स्वस्त डोंगचा तिथे काही उपयोग नाही. उरलेल्या ४० डॉलरवर ४.७ टक्के म्हणजे १ डॉलर ८८ सेंट. एवढ्यासाठी कलम ३०१?

नितळ

चलनावर शुल्क लागलंच नाही, असं दोघेही धरून चाललाय. ३०१ खाली नाही लागलं. पण अमेरिकी वाणिज्य खात्याने फेब्रुवारी २०२० मध्ये नियम बदलून स्वस्त चलनाला सबसिडी मानायची वाट मोकळी केली होती. नोव्हेंबर २०२० मध्ये व्हिएतनामच्या मोटार टायरांवर जे प्राथमिक प्रतिशुल्क (परदेशी सबसिडीवर उतारा म्हणून लावायचं शुल्क) लागलं, सुमारे ६ ते १० टक्के, त्यात डोंगचा हिशेब धरलेला होता. रीत अशी: निर्यातदाराने डॉलर मोडून जितके डोंग घेतले आणि 'योग्य' दराने जितके मिळायला हवे होते, त्यांतला फरक म्हणजे सरकारने दिलेला लाभ. अडचण वेगळीच आहे. सबसिडी ठरायला ती विशिष्ट गटालाच मिळायला हवी, आणि विनिमय दर तर पर्यटकापासून मायदेशी पैसे पाठवणाऱ्या मजुरापर्यंत सगळ्यांना एकच. आंतरराष्ट्रीय व्यापार करणारे उद्योग हाच एक गट, असं म्हणून वाणिज्य खात्याने ती अट ओलांडली. हुंडींना टीका करायचीच तर इथे करावी, इथे खरंच कच्चं आहे.

हुंडी

मुद्दा घेतला. पण लाकडाकडे या. अमेरिकेकडे चोरटा माल आणायला-विकायला बंदी करणारा लेसी कायदा आहे, २००८ पासून लाकडालाही लागू आहे. लंबर लिक्विडेटर्स या त्यांच्याच कंपनीला रशियाच्या अतिपूर्वेतला चोरटा ओक चीनमार्गे आणल्याबद्दल २०१६ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर भुर्दंड बसला. गुन्हा आयातदाराचा, दंड आयातदाराला. मग व्हिएतनामच्या क्वांग त्रीमधल्या दोन हेक्टर अकेशिया लावणाऱ्या शेतकऱ्यावर टॅरिफ का? अमेरिकेला जाणारं फर्निचर बहुतांश अकेशिया, रबरवुड आणि खुद्द अमेरिकेतून आणलेल्या ओक-ॲशचं. चोरटा म्हणतात तो कंबोडियाचा रोझवुड चीनला जातो, नाहीतर हनोईच्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात.

आलापल्ली

लेसीचं तुम्ही सांगता तितकं सोपं नाही. आयातीच्या वेळी प्रजातीचं शास्त्रीय नाव, तोडीचा देश, परिमाण आणि किंमत लिहून देण्याची सक्ती टप्प्याटप्प्याने आली. बरंचसं फर्निचर तिच्यात आलं ते १ डिसेंबर २०२४ च्या सातव्या टप्प्यात. २०२० मध्ये त्यातल्या पुष्कळ मालाला ही सक्तीच नव्हती.

आणि चोरटं लाकूड वेगळ्या ट्रकमधून येत नाही. ते कायदेशीर मालाच्या आकारमानात मुरवतात. गोल लाकूड मोजायच्या दोन रीती. पाव-घेर पद्धतीत घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. १२० सेंमी घेर, ३ मीटर लांबी, तर ०.२७ घनमीटर. त्याच नगाचं खरं दंडगोल आकारमान ०.३४४. आता परवान्यावर १०० घनमीटर लिहिलंय, रीत लिहिलेली नाही. ट्रकमध्ये खऱ्या मापाने १००च आहेत. साठावहीत मात्र तो आकडा पाव-घेराचा समजून 'बदलून' चढवला, की झाले १२७. सत्तावीस घनमीटरला कागद तयार, माल जंगलातून आणायचा.

दुसरी फट उताऱ्यात, म्हणजे ओंडक्यातून चिरलेला माल किती निघतो त्यात. कापून-सुकवून खरा उतारा ४५ टक्के पडत असेल आणि कारखाना ६० दाखवत असेल, तर १०० घनमीटर ओंडक्यामागे १५ घनमीटर चिरलेला माल जास्तीचा. तो काढायला ३३ घनमीटर ओंडके बाहेरून लागतात. म्हणून तपासनीसाने आधी करवतीचा प्रकार, पात्याची जाडी आणि नगाचा सरासरी घेर विचारायचा. बारीक घेरात उतारा कमी पडतो, आणि तिथेच ६० दाखवला असेल तर वही खोटी.

तिसरी फट लिलावाची. जप्त मालाचा लिलाव झाला की पावती मिळते, आणि ४० घनमीटरच्या एका पावतीवर चार फेऱ्या होतात. कंबोडियाने जानेवारी २०१६ मध्ये पूर्वेची सीमा लाकडाला बंद केली, तरी समोरच्या गिया लाई प्रांतात आयातीचे कोटे मंजूर होत राहिले, हे एन्व्हायर्न्मेंटल इन्व्हेस्टिगेशन एजन्सी या पर्यावरण संस्थेने २०१७ मध्ये मांडलं. जप्त मालाची अट करारात उगाच आलेली नाही.

शिसवी

सगळे कंबोडियावर बोलताय, आपल्या शिसमचं काय झालं ते कोणी बोलेल का? २ जानेवारी २०१७ पासून डाल्बर्जियाच्या (शिसम-रोझवुडचं कुळ) जवळपास सगळ्या जाती साइट्स या वन्य जातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये टाकल्या, म्हणजे निर्यातीला कागदपत्रं लागू लागली. धोक्यात होते मादागास्कर आणि आग्नेय आशियातले रोझवुड. आपला शिसम शेताच्या बांधावर, कालव्याकाठी उगवतो. तरी नियम सगळ्यांना एक! सहारनपूर-जोधपूरचे हस्तकला कारागीर त्यात भरडले गेले. १० किलोपर्यंतच्या मालाला सूट होती, पण ती पूर्ण खेपेला धरली जाई. एका कंटेनरला १० किलो म्हणजे काय? चार आरसे! नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या परिषदेत कुठे स्पष्ट झालं, की १० किलो दर नगाला मोजायचे, तेही फक्त लाकडाचे, पितळी बिजागऱ्या-काच वगळून. ही सहा वर्षं कोणी भरून देणार आहे का?

वटाव

शिसवीताई, हे अवांतर होतंय.

शिसवी

अवांतर नाही. सरसकट नियमाने निर्दोष माल कसा अडकतो, याचंच हे उदाहरण आहे. हुंडींचा अकेशियावाला शेतकरी आणि माझा शिसमवाला कारागीर एकाच जागी उभे आहेत.

चांदा

आलापल्ली यांनी लिलावाच्या पावतीवरून जे सुचवलंय ते मला सहन होत नाही. इथले वाचक ते आपल्या वनखात्याच्या लाकूड-आगारांवर ओढून घेणार. आपल्याकडे प्रत्येक नगावर हातोड्याचा ठसा असतो, नगवार यादी असते, वाहतूक परवान्यावर मुदत आणि मार्ग असतो. चार फेऱ्या कशा मारणार?

आलापल्ली

आगारातून निघणाऱ्या मालाबद्दल तुमचं बरोबर आहे. मला मालकी प्रकरणांची, म्हणजे खासगी जमिनीवरच्या तोडीची काळजी आहे. शेतातल्या सागाचा अर्ज, सातबारा, हद्दीची मोजणी, पंचनामा, झाडांना क्रमांक, तोड, मग हातोडा आणि परवाना. पंचनाम्यात ९० सेंमी घेराचं झाड १२० लिहिलं, की ३ मीटरच्या नगामागे ०.१५ ऐवजी ०.२७ घनमीटर. जवळपास दुप्पट. वरचा ०.१२ कुठून भरणार? शेजारच्या राखीव जंगलातून. हातोडा तर खरा, परवानाही खरा.

चांदा

म्हणजे सगळे वनपरिक्षेत्र अधिकारी चोर? तोडीनंतर थुटांची (जमिनीत उरलेल्या बुंध्यांची) तपासणी कशाला असते मग? थुटाचा घेर पंचनाम्याशी ताडतात. रात्री-अपरात्री नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांवर घरात बसून चिखल उडवू नका!

आलापल्ली

चोर म्हटलेलं नाही, वाचा परत. थुटाची तपासणी वेळेत झाली तर ही फट बुजते, अगदी मान्य. पण थुटाचा घेर जमिनीलगत घेतला आणि पंचनामा छातीच्या उंचीचा, तर दोन्ही आकडे जुळवून घेता येतात. खाली घेर जास्तच भरतो. त्यामुळे फुगवलेला आकडा खरा वाटतो. दोन्ही मापांची उंची कागदावर लिहिलेली असली पाहिजे, एवढंच म्हणतोय.

चांदा

उंची लिहावी, याला माझी हरकत नाही. बाकीच्याला आहे.

नितळ

व्हिएतनामवर कोणी परत येणार का? दुसरं, भारतही त्याच डिसेंबर २०२० च्या अहवालात देखरेख यादीत होता. शिल्लक आणि डॉलरखरेदी या दोन कसोट्या भरल्या होत्या, चालू खात्याची भरली नाही. हुंडींच्या रागाचं कारण मला तिथे दिसतं आणि ते रास्त आहे.

हुंडी

रागाचं कारण तेच आहे, लपवत नाही. रिझर्व्ह बँकेने डॉलर घेतले ते भांडवलाचे लोंढे आवरायला, आणि उद्या त्याच फुटपट्टीने आपल्यालाही मोजतील.

लाकडाबद्दल आलापल्ली यांचा पाव-घेराचा हिशेब मी कागदावर करून पाहिला. बरोबर आहे. तेव्हा 'काही नव्हतंच' हे लाकडापुरतं मागे घेतो. साधन म्हणून कलम ३०१ मला आजही मान्य नाही. पुरावा गिया लाईचा असेल तर गिया लाईच्या परवान्यांवर कारवाई मागा, सगळ्या देशाच्या फर्निचरवर टॅरिफची धमकी नको.

वटाव

शेवटी टॅरिफ लावलं नाही, परवान्यांवर आणि जप्त मालावरच करार झाला. म्हणजे तुम्ही मागताय तेच. आणि ३०१ मध्ये निदान नोटीस निघते, लेखी हरकती घेतात, सुनावणी होते. व्हिएतनामी कारखानदार आणि अमेरिकी आयातदार दोघांचंही म्हणणं नोंदीवर आलं. २ एप्रिल २०२५ ला त्याच व्हिएतनामवर ४६ टक्के जाहीर केले, तेव्हा व्हिएतनामची व्यापारातली शिल्लक भागिले अमेरिकेची तिथून आयात, त्याचं निम्मं, एवढ्या सूत्रावर केले. ना सुनावणी, ना प्रजाती, ना परवाना. तुमचा अकेशियावाला शेतकरी त्यात अडकला, ३०१ मध्ये नाही.

हुंडी

एप्रिल २०२५ बद्दल आपलं एकमत. डोंगबद्दल नाही. टायरांच्या त्या विशिष्ट-गटाच्या हिशेबावर नितळ यांनी वेगळा धागा काढावा, तिथे मी येतो.