मदत हवी आहे: ऑफिसच्या लेझर प्रिंटरचे ठिपके, दोन-दोन कागद आणि सारखं 'ऑफलाइन'

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला रामबागेत एका कर सल्लागारांच्या ऑफिसात काम करते. ऑफिस लहान आहे. आम्ही चौघं, कॉम्प्युटर तीन आणि प्रिंटर एकच. काळा-पांढरा लेझर, वर स्कॅनर आणि कागद आपोआप ओढणारा फीडर, वायफायवर जोडलेला. टोनरच्या, म्हणजे छपाईच्या पावडरीच्या, कार्ट्रिजमध्येच ड्रम (कागदावर अक्षरं उमटवणारा फिरता रोलर) असतो तो प्रकार. पाच वर्षं झाली घेऊन, आजवर तक्रार नव्हती.

आता ३१ जुलै तोंडावर आली आहे. रिटर्न ऑनलाइनच भरलं जातं हे खरं, पण पेन्शनर मंडळींना कम्प्युटेशन (उत्पन्न आणि कराचा हिशेब) आणि पोचपावती कागदावर हातात लागते, कर्जाच्या फायलींना तीन-तीन वर्षांचे ताळेबंद लागतात. दिवसाला दीडशे-दोनशे पानं सहज निघतात.

सगळ्यात मोठा त्रास ठिपक्यांचा. पानाच्या उजव्या अंगाला, कडेपासून चारेक बोटं आत, एकाखाली एक चार काळे ठिपके पडतात. राजगिऱ्याच्या दाण्याएवढे. प्रत्येक पानावर त्याच रेषेत. नेमका तिथेच आमचा रकमेचा रकाना असतो. मागच्या सोमवारी एका निवृत्त शिक्षकांच्या कम्प्युटेशनमध्ये ठिपका ४,८६,२५० मधल्या ५ आणि शेवटच्या ० च्या बरोबर मध्ये, तळाशी बसला. वाचणाऱ्याला ते ४,८६,२५.० दिसतं. बँकेनं त्यांना स्वच्छ प्रत आणायला परत पाठवलं. पंधरा वर्षं येतात आमच्याकडे. भर पावसात दुसऱ्यांदा आले, छत्री दाराशी टेकवली आणि एक शब्द न बोलता बाकावर बसून राहिले. मला फार लागलं ते. प्रत काढली तर तिच्यावरही तोच ठिपका! शेवटी ओळी दोन सेंटिमीटर खाली सरकवून पान काढून दिलं.

बाकीचं असं: दहा-बारा पानांनंतर दोन कागद एकदम जातात नाहीतर मागच्या बाजूला अडकतात. लाईट जाऊन आली की दोन कॉम्प्युटरवर प्रिंटर 'ऑफलाइन' दिसतो, तिसऱ्यावरून मात्र चालतो. आणि कधीकधी मोठं काम दिलं की मध्येच बंद होऊन आपोआप चालू होतो. फीडरमधून झेरॉक्स काढली तर एक उभी काळी रेघ येते, पण ती जुनीच आहे, तिची आम्हाला सवय झाली आहे.

टोनर दोनदा भरून घेतला. दुरुस्तीवाले येऊन बघून गेले, म्हणाले फ्यूजर (पावडर तापवून कागदावर चिकटवणारा भाग) गेला, साडेचार हजार. सर म्हणतात एवढे घालण्यापेक्षा नवाच घेऊ. मला एवढंच समजून घ्यायचं आहे की हा सगळा एकच बिघाड आहे की वेगवेगळे? पैसे सरांचे आहेत, पण निर्णय माझ्या सांगण्यावर होणार आहे, म्हणून कळकळीनं विचारते.

प्रतिसाद, पुण्याहून

इंक टँकवाला घ्या. पानामागे खर्च कमी. आमच्याकडे दोन वर्षं उत्तम चाललाय.

प्रतिसाद, बडोद्याहून

ताई, थांबा. नवा घेऊ नका आणि फ्यूजरही बदलू नका. आधी एक पट्टी घ्या, शाळेतली साधी, आणि दोन ठिपक्यांमधलं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा.

मी इथे दांडियाबाजारात बरीच वर्षं प्रिंटर दुरुस्त करतो. ठरावीक अंतरानं येणारा डाग म्हणजे आतल्या कुठल्यातरी गोल फिरणाऱ्या भागावरचा डाग. तो भाग एक फेरा घेतो तेव्हा कागदावर एक ठिपका उमटतो. म्हणजे दोन ठिपक्यांतलं अंतर हाच त्या रोलरचा घेर. तुमच्यासारख्या बऱ्याच लहान लेझरमध्ये ड्रमचा व्यास २४ मिलिमीटर असतो, घेर झाला सुमारे ७५. ए४ पान २९७ मिलिमीटर लांब, त्यात ७५ च्या अंतरानं बसतात चार. तुम्ही चार ठिपके लिहिलंत तेव्हाच मला ड्रमचा संशय आला. फ्यूजरचा, ड्रमला पावडर पुरवणाऱ्या डेव्हलपर रोलरचा घेर वेगळा असतो, मॉडेलप्रमाणे बदलतो, पण या वर्गातल्या मशीनमध्ये तो बहुधा ड्रमपेक्षा कमीच असतो, म्हणजे ठिपके जवळजवळ पडतात.

खात्री करायची तर प्रिंट द्या आणि कागद अर्धा आत गेला की पुढचं झाकण उघडा. मशीन थांबेल. कागद हळूच काढा. त्यावरची पावडर अजून भाजलेली नसेल, बोटानं पुसली जाईल. त्या कच्च्या छपाईवर ठिपका दिसला तर फ्यूजर निर्दोष आहे, कारण कागद तिथवर पोचलाच नव्हता.

कार्ट्रिज बाहेर काढलंत की ड्रमवर फार उजेड पडू देऊ नका, काळा कागद नाहीतर जाड कापड टाका. बोट लावू नका. पावडर सांडली तर गार पाण्यानं पुसा. टोनर म्हणजे बारीक प्लास्टिक, गरम पाण्यानं ते कपड्यात बसतं.

आता दोन प्रश्न. प्रिंटर यूपीएसवर लावलाय का? आणि ट्रेमध्ये पाठकोरे कागद घालता का?

धागा लिहिणारी

दादा, दोन्ही प्रश्नांचं उत्तर हो असं आहे. तुम्ही इतक्या लांबून कसं ओळखलंत?

पावसाळ्यात इथे लाईटचा भरवसा नाही म्हणून जूनमध्ये प्रिंटर यूपीएसवर घेतला. आणि कच्च्या प्रतींसाठी आम्ही पाठकोरे वापरतो. पिना काढून घालतो. कागद वाया जाऊ नये असं सरांना फार वाटतं, मलाही वाटतं.

पट्टीनं मोजलं: ७५, एका ठिकाणी ७६.

प्रतिसाद, बडोद्याहून

मग झालं. ड्रम. कार्ट्रिजमध्येच असल्यामुळे कार्ट्रिज बदललं की ठिपके जातील. रिफिल केल्यानं गेले नाहीत कारण भरणाऱ्यानं पावडर भरली, ड्रम तोच ठेवला. बहुतेक वेळा असंच होतं, त्यात फसवणूक असतेच असं नाही, पण सांगायला हवं होतं.

ड्रम तिरका धरून मंद उजेडात हळूहळू फिरवून बघा. फिरवायचा तो कडेच्या दातेरी चाकाला धरून. मला वाटतं टोचल्याची खूण मिळेल. पाठकोऱ्या कागदाच्या ढिगात एखादी तुटकी पिन राहते, कागदाबरोबर ड्रमपाशी जाते आणि तिथला लेप खरवडते. असे दहा ड्रम मी पाहिले असतील.

पाठकोऱ्या कागदाचं आणखी एक. तो एकदा फ्यूजरमधून भाजून आलेला असतो, म्हणून वाकलेला असतो. कोरा आणि पाठकोरा एका ट्रेत मिसळले की दोन ओढले जाणारच. त्यात पावसाळा. कागद हवेतली ओल पितो. एक रीम पाचशेची, तुम्ही ती फोडून सगळी ट्रेत टाकता आणि रविवारभर तशीच राहते, बरोबर ना? लागतील तेवढेच घाला, उरलेले त्याच वेष्टनात गुंडाळून कपाटात ठेवा. घालण्याआधी गठ्ठा पंख्यासारखा फुलवा. ओल्या कागदावर छपाईही फिकी येते आणि बाहेर पडताना कडा वळतात.

ट्रेच्या वर कागद उचलणारं रबरी चाक असतं. पाण्यानं किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडानं पुसा. गुळगुळीत होऊन चमकत असेल तर बदलायचं. त्याच्या समोर एक लहान पॅड असतं, त्याला सेपरेशन पॅड म्हणतात. दुसरा कागद अडवून धरायचं काम त्याचं. पाच वर्षांत ते झिजलंच असणार. दोन्ही वस्तू स्वस्त असतात.

कागद अडकला तर तो ज्या दिशेनं जात होता त्याच दिशेला, दोन्ही हातांनी, सावकाश. हिसका दिला की तुकडा आत राहतो आणि मग दर पाचव्या पानाला अडकतं. मागच्या झाकणाशी फ्यूजर असतो, तो तापतो तो २०० अंशांच्या आसपास. बंद करून अर्धा तास जाऊ द्या, मगच हात घाला.

यूपीएसवरून आजच्या आज काढा. फ्यूजर तापायला लागला की एकदम खूप वीज ओढतो. घरगुती यूपीएसला तो झेपत नाही, म्हणून तुमचं मशीन मध्येच बंद पडतं. कंपन्या पुस्तिकेतही लिहितात की लेझर यूपीएसवर लावू नका. थेट भिंतीच्या सॉकेटवर लावा, एक्स्टेंशन बोर्डही नको.

प्रतिसाद, ग्वाल्हेरहून

ऑफलाइनचं मी सांगतो, तो बिघाड प्रिंटरचा नाहीच. लाईट गेली, राउटर बंद झाला, परत आला तेव्हा त्यानं प्रिंटरला नवा पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा आयपी नंबर, दिला. समजा काल १९२.१६८.१.७ होता, आज शेवटी ११ आहे. तुमचे दोन कॉम्प्युटर अजून ७ च्या दारावर टकटक करताहेत. तिसरा बहुधा यूएसबीनं जोडलेला असेल किंवा प्रिंटरला नावानं शोधत असेल, म्हणून चालतो.

प्रिंटरवरून कॉन्फिगरेशन पान छापा, त्यावर सध्याचा पत्ता असतो. तो १६९.२५४ नं सुरू होत असेल तर प्रिंटरला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही, आधी वायफाय पुन्हा जोडा. नीट असेल तर राउटरमध्ये जाऊन डीएचसीपीखाली (राउटर पत्ते वाटतो ती सेटिंग) तो पत्ता त्या प्रिंटरसाठी राखून ठेवा. मग दोन्ही कॉम्प्युटरवर प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये पोर्ट्स उघडा. तिथे डब्ल्यूएसडी पोर्ट दिसला तर त्याऐवजी स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट करून हा पत्ता घाला. तरीही ऑफलाइन दाखवलं तर त्याच पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची खूण काढा. आणि प्रिंटरच्या रांगेची खिडकी उघडून 'यूज प्रिंटर ऑफलाइन' वर चुकून खूण नाही ना, तेवढं बघा.

रांगेत जुनं काम चिकटून बसलं असेल आणि डिलीट होत नसेल तर सर्व्हिसेसमध्ये प्रिंट स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा प्रोग्रॅम) थांबवा, विंडोजच्या सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचं फोल्डर आहे ते आतून रिकामं करा, फोल्डर काढू नका, आणि स्पूलर परत चालू करा.

धागा लिहिणारी

चार दिवसांनी लिहिते आहे, माफ करा, गर्दी फार होती.

सिल्वर मॉलमधून नवं कार्ट्रिज आणलं. ठिपके गेले. पहिलं पान हातात घेऊन मी खिडकीशी उभी राहून वरपासून खालपर्यंत पाहिलं, एकही नाही. जुन्या ड्रमवर खूण सापडली, हिरवट चकचकीत पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी. आणि ट्रे पूर्ण बाहेर काढून उलटा केला तर त्यातून स्टेपलरच्या पिनेचा अर्धा पाय पडला. तो मी पाकिटात ठेवला आहे, सरांना दाखवायला. पाठकोऱ्यांचे आता पॅड बांधून घेतले आहेत, हिशेब जुळवायला आणि फोनवरचे निरोप लिहायला वापरतो.

यूपीएसवरून काढल्यापासून एकदाही मध्येच बंद पडला नाही. आमचं वायफाय लावणाऱ्या भैयाला बोलावून पत्ता राखून घेतला, तेव्हापासून दोनदा लाईट गेली, तिन्ही कॉम्प्युटरवरून प्रिंट निघतं आहे. ग्वाल्हेरच्या काकांचे फार आभार.

दोन कागद ओढणं कमी झालं, गेलं नाही. दिवसात तीन-चारदा होतंच.

एक वेगळीच गोष्ट विचारायची राहिली. सरांच्या कॉम्प्युटरवर बनवलेली हिंदी नोटीस माझ्या कॉम्प्युटरवरून छापली की इंग्रजी अक्षरांची खिचडी येते. हेही प्रिंटरचंच का?

प्रतिसाद, ग्वाल्हेरहून

नाही. नोटीस कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असणार आणि तो फाँट तुमच्या कॉम्प्युटरवर नाही. त्या फाँटमध्ये आत इंग्रजी अक्षरंच असतात, वरून फक्त देवनागरी रूप दिसतं. सरांच्या कॉम्प्युटरवरूनच पीडीएफ करून घ्या. पुढचं सगळं युनिकोडमध्ये टाइप करा, म्हणजे कुठेही उघडेल.

प्रतिसाद, बडोद्याहून

ताई, ती पिन जपून ठेवलीत ते बरं केलंत. नुसत्या बोलण्यानं पटत नाही तेव्हा अशी वस्तूच पटवते.

दोन कागद जातात तो सेपरेशन पॅडचा प्रश्न. मॉडेल नंबर सांगूनच घ्या, दिसायला सगळे सारखे असतात पण बसत नाहीत. आणि त्या उभ्या रेघेची सवय कशाला करून घेता? रेघ फक्त फीडरमधून येते, मोठ्या काचेवर कागद ठेवून झेरॉक्स काढली तर येत नाही, असंच ना? मग मोठ्या काचेच्या डाव्या बाजूला काचेचीच एक चिंचोळी पट्टी आहे, बोटभर रुंद. फीडरचा कागद तिच्यावरून सरकतो. तिथे काहीतरी चिकटलं आहे. स्थिर जागी डाग आणि सरकता कागद, म्हणून ठिपक्याची रेघ होते.

धागा लिहिणारी

व्हाइटनरचा थेंब होता! वाळून काचेला चिकटलेला, डोळ्यांना पटकन दिसेना, नखाला लागला. ओल्या कापडानं मऊ करून जुन्या एटीएम कार्डाच्या कडेनं हळूच काढला. दीड-दोन वर्षांची रेघ गेली. इतके दिवस आम्ही लोकांना आधार आणि पॅनच्या प्रती त्या रेघेसकट देत होतो, याचं आता वाईट वाटतं.

नोटिशीची पीडीएफ करून घेतली, नीट छापली.

काल गुरुजी, तेच निवृत्त शिक्षक, पोचपावती घ्यायला आले होते. त्यांना कम्प्युटेशनही पुन्हा छापून दिलं. त्यांनी चष्मा लावून रकमेचा रकाना बोट फिरवत वाचला आणि फाइलमधलं जुनं पान काढून मला परत दिलं.

पॅडसाठी शनिवारी जाते. मॉडेल नंबर लिहून घेतला आहे, जुना पॅडही काढून बरोबर नेते, म्हणजे समोर लावून बघता येईल.