लाख-कोटीचे स्वल्पविराम: सेलच्या फॉरमॅटमध्ये की कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये?

जमाखर्च:
मार्चअखेर आली की आमच्या पतसंस्थेत दरवर्षी हाच घोळ. ठेवी १,२३,४५,६७८ रुपये, पण एक्सेल दाखवतं १२,३४५,६७८. संचालक मंडळी कागदावर बोट ठेवून मागून मोजत येतात, 'एकं, दहं, शतं...' म्हणून मी आता प्रत्येक फाइलमध्ये फॉरमॅट सेल्स उघडून कस्टममध्ये हे टाकतो:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

आत आकडा होता तसाच राहतो, बेरीज-वजाबाकी बिनघोर चालते, फक्त दिसतो आपल्या पद्धतीनं. फाइल दुसऱ्याकडे जाणार असेल तर हे करायलाच हवं, असं माझं मत.

वजाबाकी:
त्याच सेलमध्ये उणे बारा लाख टाकून बघा. या फॉरमॅटमध्ये अटी दोनच घालता येतात. ऋण आकडा दोन्हींत बसत नाही, तिसऱ्या भागात जाऊन पडतो आणि -१,२००,००० दिसतो. म्हणजे नफा मराठीत, तोटा अमेरिकेत! त्यापेक्षा विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये १२,३४,५६,७८९ हा गट निवडा. मग नेहमीचं स्वल्पविरामाचं बटण धन-ऋण दोन्हीला पुरतं. एकदा करायचं आणि विसरायचं.

जमाखर्च:
एकदा, पण तुमच्या मशीनवर. माझी फाइल ऑडिटरकडे जाते, त्यांच्याकडे सेटिंग अमेरिकन. तिथं पुन्हा मिलियन. सेलमधलं फॉरमॅट फाइलबरोबर प्रवास करतं, सेटिंग घरीच राहतं.

भुसार:
मी जमाखर्च यांच्या बाजूनं. दुकानाच्या शीटमध्ये आमचा मुलगा सेलमध्येच '५० किलो' असं टाइप करायचा. एक्सेलच्या लेखी तो मजकूर, त्यामुळे बेरीज शून्य. आता सेलमध्ये नुसते ५०, फॉरमॅट 0" किलो". बेरीजही होते आणि हमालालाही कळतं.

खतावणी:
किलोपर्यंत ठीक आहे हो. माझा विरोध आकडा लहान करून दाखवणाऱ्या फॉरमॅटला आहे. आमच्याकडे एकानं 'लाखात' दाखवायला 0\.00, वापरलं. शेवटचा स्वल्पविराम तीन अंक गिळतो, मधला टिंब नुसता शोभेचा, आणि १,२३,४५,६७८ चे होतात १२३.४६. छान दिसलं. मग ती शीट सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) म्हणून सेव्ह झाली. एक्सेल सीएसव्हीत डोळ्यांना दिसतं तेवढंच लिहितं! पुढच्या सॉफ्टवेअरनं सव्वा कोटीच्या जागी एकशे तेवीस रुपये शेहेचाळीस पैसे उचलले. दोन दिवस मी तो फरक शोधत होते.

बाकी, १००० चे तीन भाग केले तरी हेच. प्रत्येक सेलमध्ये ३३३.३३, खाली बेरीज १०००.००. सभेत एक तरी आजोबा कॅल्क्युलेटर घेऊन येतातच, आणि त्यांचे येतात ९९९.९९. तिथं दशांश लपवू नका, राउंड फंक्शन लावून आकडाच दोन दशांशांपर्यंत पूर्ण करा आणि उरलेला पैसा कुणाच्या तरी नावावर टाका.

जमाखर्च:
सीएसव्हीचं मान्य. लाखवालं फॉरमॅट मीही फक्त छापायच्या शीटवर ठेवेन, मूळ शीटवर नाही. पण स्वल्पविरामाचं माझं मत बदललेलं नाही.

वजाबाकी:
आणि तोटा?

जमाखर्च:
तोटा दाखवायला कंडिशनल फॉरमॅटिंगचा (आकड्यानुसार फॉरमॅट बदलणारा) वेगळा नियम लावतो. यंदा गरज पडली नाही.